मसण्याऊद आणि मुंगुसाच्या मधे

रेंज ऑफिसच्या मागच्या खोलीत, जिथे जप्तीचं सागवान
भिंतीला टेकून केस निघायची वाट बघतं,
तिथे माझं टेबल. कूलरला पाणी मीच भरते.

कार्डं येतात गेडाम गार्डांच्या खिशातून,
खर्ऱ्याच्या पन्नीला चिकटून.
एकेका कार्डात चार-चार हजार फोटो.
कॅमेऱ्याला काही बघायचं नसतं.
समोर ऊब हलली की डोळा उघडतो, इतकंच.
कोणाची ऊब, ते मी ठरवायचं.
साडेनऊ हजार रुपये महिना.

फोल्डर मराठीत करा म्हणाले, वरून पत्र आहे.
केले. ते आपोआप अकारविल्हे लागले:
अस्वल. कोल्हा. खवल्या मांजर. चितळ. चौशिंगा.
नीलगाय. बिबट. भेकर. मसण्याऊद.
माणूस.
मुंगूस. मोर. रानडुक्कर. रिकामे. वाघ.

माऊस हातात धरून मी बसले जरा वेळ.
कोणी मोर्चा काढला नव्हता, ठराव नव्हता झाला.
फक्त म ला काना होता
आणि त्याने आम्हाला नेऊन बसवलं
मसण उकरणारा एक, साप खाणारं एक,
त्यांच्या मधल्या पाटावर.
पंगत चालू होती. कोणी सरकलंसुद्धा नाही.

ब्रह्मपुरीला एमेच्या वर्गात सर म्हणायचे,
माणसाला मधून उठवा.
फळ्यावर त्यांनी गोल काढला
आणि मधला ठिपका तळहाताने पुसला.
पुसल्या जागी खडूचा डाग राहिला,
ठिपक्याहून मोठा.
पेपरात मी गोल काढला, ठिपका काढला, खोडला.
त्रेसष्ट मार्क.

कॅमेरा सी-एकतीस, नाल्यावरचा मोह.
घड्याळ बिघडलेलं; त्याच्या हिशोबाने
आज एक जानेवारी दोन हजार, पहाटेचे चार चाळीस, चंद्र अर्धा.
चार पायांवर कोणीतरी. तोंड मातीकडे,
पाठ उजेडाने पांढरी झालेली.
संगणकाचा अंदाज: अस्वल, एकसष्ट टक्के.

मी झूम केलं.
डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला,
लग्नाच्या आधी उखळाखाली गेलेला.
माय.

पुढचा फोटो पाच बाराचा.
आता खरंच अस्वल, त्याच जागी, तसंच वाकून.
मायने अर्ध्या सावलीतलं वेचलं होतं,
अर्ध्यातलं तसंच पडलेलं.

रात्री सांगितलं तिला. मोहं निवडत होती,
हात थांबला नाही.
"मंग? थे पाचले येते, मी चारले जातो.
थिच्या वाट्याचं ठेवून येतो. नाई ठेवलं
त मले रागावल नाई का थे?"

साहेबांचा निरोप होता, रिकामे आधी उडवा,
जागा खातात.
दोन हजार तीनशे सोळा.
मी एक उघडला. मग दुसरा. मग जेवायची सुट्टी गेली.
सागाचं पान, थाळीएवढं, अर्ध्या वाटेवर.
दिवसभर तापलेला दगड.
वारूळ.
गवत, जे कोणीतरी गेल्यासारखं वाकलंय,
किंवा कोणीतरी यायचंय म्हणून.
आमच्याकडे पोरगं घरी बसलं की
त्याला रिकामं म्हणतात.
असे दोन हजार तीनशे सोळा रिकामे,
आणि प्रत्येकात ऊब हलली होती,
नाहीतर डोळा उघडलाच नसता.

उडवले. उडवावेच लागतात.
सतरा ठेवले, ते 'नवीन फोल्डर' नावाच्या फोल्डरमधे.

मायचा फोटो मात्र उचलला नाही मी, आहे तिथेच राहू दिला.
मार्चअखेर तक्ता वर गेला, सही झाली, शिक्का बसला:
यंदा रेंजमधे एक अस्वल जास्त आहे.

मायला सांगितलं तर आधी हसली,
मग सुपातलं पाखडता पाखडता,
अगदी कामाचं विचारावं तसं,
"नर लिवलं का मादी?"