मार्च महिना

तिला मी मार्चमध्ये टाकलं होतं.
संस्थेचं कॅलेंडर. बारा महिने, बारा मुलं,
आणि मार्चवर सगळ्यांचा डोळा,
कारण लोकांना मार्चमध्येच आठवतं
कर वाचवायचा राहिलाय.

मानखुर्द, मंडाळा. तेलाची पिंपं धुतात ती गल्ली.
आडव्या पिंपात एक मुलगी, गुडघ्यावर पाटी,
पुढ्यात तेलकट पाणी, त्यात उलटं आभाळ.
आम्रपाली खरात, वय सात.
कॅलेंडरवर नाव नव्हतं, संस्थेचं धोरण तसं.
खाली एवढंच: हिला शिकायचंय.

हे तिनं मला सांगितलं नव्हतं.
ती पिंपात बसली होती कारण तिथं सावली होती.
पाटी शेजारच्या पोराची.
तिच्या हातात अर्धा पेरू होता, तिखटमीठ लावलेला,
आणि मी म्हणाले होते,
बाळा, तो जरा खाली ठेव.
आणि हसू नकोस.

फोटो चालला.
चालला म्हणजे, बालवाडीत पंखे आले,
बाई पूर्णवेळ झाल्या,
एकवीस मुलांची वर्षाची फी, दप्तरं, बूट.
(बूट दोन नंबर मोठे आले, ते सोडा.)
फोर्टातल्या प्रदर्शनात एका गृहस्थांनी
त्या फोटोपुढे चष्मा पुसला आणि चेकबुक काढलं.
मी कोपऱ्यात, हातात चहा.
बरं वाटलं मला. नाकारत नाही.
एकवीस मुलं म्हणजे एकवीस मुलं.
त्यातला एक परवा कुर्ल्याला दिसला,
डिप्लोमा करतोय म्हणे.
मला ओळखलं नाही.

मग नऊ वर्षांनी फोन:
ताई, मी मार्च बोलतेय.

आयटीआयचा अर्ज. इलेक्ट्रिशियन.
स्टुडिओवाला आठ कॉप्यांचे ऐंशी मागतोय,
तुमच्याकडे माझे पडलेत ना कितीतरी?

पडलेत. हार्डडिस्कवर एकशे चौदा.
रात्री एकेक उघडला.
एकातही दोन्ही कान नाहीत.
एकातही पाठीमागे पांढरं नाही.
जिथंतिथं ती कशाच्या तरी आत:
पिंपाच्या, धुराच्या,
सोजरबाईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, पदराच्या.
नुसती ती, समोरून,
नाही.

मंगळवारी गेले.
बालवाडीच्या भिंतीवर चादर,
एक कोपरा खिळ्याला, दुसरा तिच्या भावाच्या हातात.
उंचीला माझ्या बरोबरीची झालीय.
केस कानामागे सारले, हनुवटी वर केली, म्हणाली,
तोंड कसं करू? तेव्हासारखं?

जसं आहे तसं, म्हटलं.
आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

तो पेरू ना, ती म्हणाली, बकरीनं खाल्ला.
तुम्ही खाली ठेवायला लावला ना.
दोघांत खा, असं सांगून दिला होता आईनं.
हा संध्याकाळपर्यंत रडत होता.
चादर धरलेला भाऊ हसला. त्याला काही आठवत नव्हतं.

किती वेळा पाहिलाय मी तो फोटो.
डाव्या कोपऱ्यात, फोकसबाहेर, पांढरं काहीतरी आहे.
मी त्याला प्लास्टिकची पिशवी समजत होते.

शटर दाबलं. एकदाच.
तिनं स्क्रीनवर पाहिलं, म्हणाली, चालेल.

नाक्यावर प्रिंट काढली. डिंक बाईंनी दिला,
आणि सांगितलं, सही आडवी कर,
अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर.
'आम्र' तिच्या खांद्यावर आलं,
'पाली खरात' अर्जावर.
शाईवर तिनं हळूच फुंकर घातली.

बाहेर पडताना मी विचारलं, पेरू घ्यायचे का कुठं?
ती चप्पल चढवत होती.
पाचला खिडकी बंद होते, म्हणाली,
आणि निघालीसुद्धा.