उजवीकडचा खांब

शनिवार. टावी नदीकाठचं रग्बीचं मैदान, घोट्यापर्यंत चिखल,
आणि आमचा माक्सेन, वय आठ,
चेंडूकडे पाठ करून
गोलच्या खांबाला कान लावून उभा.

"अरे, पळ!" मी ओरडलो.
शेजारचा ग्रिफिद काही बोलला नाही,
थर्मासचं झाकण घट्ट करत राहिला.
त्याचाच पोरगा माक्सेनच्या शेजारून गेला, चेंडू काखेत.

धाकटी नेस्त कुंपणाच्या तारेत बोटं अडकवून:
मी कधी?
सहा वर्षांची झालीस की.
मग आत्ता त्याच्याऐवजी?
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बिस्किट होतं.

गाडीत तो म्हणाला,
"बाबा, वारा नदीवरून आला की खांब खालचा सूर धरतो.
डोंगराकडून आला की गप्प."
मी वायपर लावले. पाऊस तसा नव्हता.

मोजे राहिले म्हणून एकटाच परत गेलो.
मैदान रिकामं, चुन्याच्या रेषा पुसलेल्या.
याच खांबावर आपटून माझा खांदा निखळला होता, एकोणिसाव्या वर्षी.
गावानं खांद्यावर घेतलं होतं मला.
खांबाचं कुणी काही विचारलं नव्हतं.

इकडेतिकडे पाहिलं.
टोपी कानावरून वर सारली.

वारा कुठून येतोय
ते आधी बघायला हवं होतं.