मीटरचं कपाट

टॉडमॉर्डनच्या लायब्ररीत रद्दीत काढलेली पुस्तकं
पन्नास पेन्सला एक.
मी उचललं ते घर सजवण्याचं.
कव्हरवर कपाचा गोल डाग,
आत अशी घरं
की जिथे कुणी कधी कांदा परतला नसावा.

चौसष्टाव्या पानावर माझ्याआधीच्या कुणीतरी
पेन्सिलीने लिहिलंय :
‘उत्तरेचा उजेड. इथे हा निळा रडेल.’
पुढे, एका पिवळ्याजर्द न्हाणीघराखाली :
‘रॉन नाही म्हणेल.’
आणि शेवटून तिसऱ्या पानावर,
अक्षर तेच, जरा हललेलं :
‘आता काय, कुठलाही लाव.’

त्या ओळीपाशी माझी बस चुकली.

माझं घर भाड्याचं.
ओल्डरॉइडसाहेबांच्या करारात कलम नऊ :
खिळा नको, रंग नको, चिकटपट्टीही नको.
सगळ्या भिंती त्या एकाच रंगाच्या
ज्याला इथे फुलाचं नाव देतात
आणि जो दिसतो
चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखा.
सात वर्षं मी त्या भिंतींशी पाहुण्यासारखी वागले.
पाठसुद्धा टेकली नाही.

मंगळवारी रात्रपाळी नसली
की दुपारी कालव्याकडच्या छोट्या थिएटरात जाते.
तिकिटात चहा येतो.
खुर्च्या कुणाकुणाच्या घरून आलेल्या,
माझी ठरलेली : मखमली, एका हाताने लुळी.
त्या दिवशीचा सिनेमा कुठल्या देशाचा, कळलं नाही,
निम्मी सबटायटल्स पुढच्या बाईच्या लोकरी टोपीमागे गेली.
एक लिफ्टमन होता. पाडायला काढलेली इमारत.
लिफ्ट रोज तिसऱ्या-चौथ्याच्या मधे अडकायची.
एका रात्री तो तिला आतून वॉलपेपर लावतो,
मोठाली हिरवी पानं आणि एक बगळा.
बगळा नेमका दाराच्या फटीवर येतो.
दार उघडलं की दुभंगतो,
मिटलं की सांधतो.
चौथ्या मजल्यावरची बाई,
वर्षभर जिन्याने चढणारी,
पिशव्या घेऊन आत शिरते.
‘कुठला मजला?’
‘अडकते तिथे,’ ती म्हणते.

सगळे हसले. मला हुंदका आला.
शेजारच्या म्हाताऱ्याने पडद्यावरची नजर न काढता
आल्याचं एक बिस्किट
माझ्या तळहातावर ठेवलं,
आरतीनंतर ठेवतात तसं.

घरी येऊन करार पुन्हा वाचला.
भिंती होत्या, छत होतं, दारं होती.
जिन्याखालच्या मीटरच्या कपाटाचं आतलं अंग
कुणाला सुचलंच नव्हतं.

रंग घेतला पिवळा,
रॉन नाही म्हणाला असता तोच.
डोकं आत, पाय पॅसेजमध्ये,
नाकावर ठिपका,
आणि नेमका तेव्हा कुंदाताईचा फोन.
‘काय करतेस?’
‘कपाट रंगवतेय.’
‘कुठलं?’
‘मीटरचं. आतून.’
ती जरा गप्प राहिली.
मग म्हणाली, ‘बाबा चुन्यात नीळ जास्त घालायचे, आठवतं?’
आठवतं.
इचलकरंजीत गल्लीतली सगळ्यात निळी खोली आमची,
रात्रीसुद्धा निळी.
ती रडल्याचं मात्र आठवत नाही.

बगळा मला जमला नाही.
मानेपर्यंत आला, मग बदक झाला.
राहू दिला.

मार्चमध्ये मीटर वाचणारा पोरगा आला.
बूट पायपुसण्यावर दोनदा घासले,
कपाट उघडलं, टॉर्च लावला,
आणि काहीच बोलला नाही.
मी किचनमध्ये कपबशी उगाच विसळत राहिले.
‘पुन्हा बघतो हं,’ तो म्हणाला,
‘आकडा चुकला बहुतेक.’

टॉर्चचा उजेड मीटरवर नव्हता.
जरा वर होता,
बदकाच्या आसपास.

बिल नेहमीपेक्षा बारा पौंडांनी जास्त आलं.
भांडायला फोन लावला,
मग ठेवून दिला.