आंधळी खिडकी

टेपचं शून्य तिपन्नाच्या अंगठ्याखाली,
आकडे माझ्याकडे.
देवळाली कॅम्पातला हा बंगला पाडायचा की ठेवायचा
ते ठरवणारे दुसरे.
आम्ही नुसते मोजायला आलोय.

दर्शनी भिंत अठ्ठ्याहत्तर फूट चार इंच.
मधोमध दार, चार पायऱ्या,
डावीकडे पाच खिडक्या, उजवीकडे पाच,
जणू कागद घडी घालून कातरलेला.

साहेबानं म्हणे आठवणीतून काढला नकाशा.
त्याच्या मामाचं घर,
मेंढ्यांच्या कुरणात एकटं उभं,
सुट्टीत पोरगा तिथं जायचा.
तिकडचा दगड मधाच्या रंगाचा होता,
इथं मिळाला काळा.
घर तेच झालं,
पण सुतक पाळत असल्यासारखं.

छप्पर उभंच्या उभं,
बर्फ साचू नये म्हणून.
सव्वाशे वर्षं त्यावरून घसरतायत
गुलमोहराच्या शेंगा,
माकडाची पिल्लं,
संक्रांतीला कटलेला एखादा पतंग.

आत फायरप्लेस. कट्ट्यावर कुणीतरी ठेवलेले
होल्डर, फ्यूज, रंगाचा रिकामा डबा.
हसायला येतं खरं,
पण जानेवारीत पारा चारावर उतरतो,
द्राक्षवाले बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात,
तशा एखाद्या रात्री
विस्तवापुढे पाय पसरून
साहेबाला वाटलंही असेल : जमलं.

मग आकडा जुळेना.
बाहेरून खिडक्या दहा,
आतून नऊ.
पुन्हा मोजल्या. तिपन्नानं बोटांवर,
मी पेन्सिलीनं.

पूर्वेकडून पहिली.
चौकट आहे, उंबरा आहे,
कमानीत कळीचा दगड नेमका बसलेला,
आणि काचेच्या जागी
दगडच.

तिकडं एके काळी खिडक्यांवर कर होता.
लोक खिडक्या बुजवायचे, उजेडाचे पैसे वाचवायचे.
मामाच्या बापजाद्यांनी एक बुजवली असेल.
पोरानं ती बुजलेलीच पाहिली,
बुजलेलीच काढली,
आणि इथल्या पाथरवटानं
आधी खिडकी घडवली जिवाचं रान करून,
मग लगेच तिचा डोळा मिटला.
कर नाही, वसुली नाही,
नकाशात आहे म्हणून.

"त्यानं विचारलं नसेल व्हय?" तिपन्ना म्हणाला,
"सायेब, ही कशापायी बुजवायची?"
थोड्या वेळानं : "नसंल."
टेप गुंडाळता गुंडाळता :
"आपण तरी कुटं इचारतो."

फॉर्मात रकाने तीन :
एकूण, चालू, नादुरुस्त.
मी दहा लिहिलं. खोडलं.
नऊ लिहिलं, तेही बरोबर वाटेना.
जी कधी उघडलीच नाही
ती नादुरुस्त कशी म्हणायची?

तेवढ्यात ऊन तिरपं झालं
आणि बुजवलेल्या दगडांत, खालून तिसऱ्यावर,
छिन्नीच्या रेघा उठून दिसल्या.
तीन उभ्या, चौथी अर्धी.
मजुरी दगडागणिक असायची,
ज्याची त्याची खूण, हिशेबापुरती;
बसवताना ती आत वळवायची असते,
भिंतीच्या पोटात.
ही बाहेर आहे.
चुकून असेल. घाई असेल.

तिपन्ना धोत्रे काही बोलला नाही.
त्याचा आजा खाणीत होता एवढंच मला ठाऊक,
कुठल्या खाणीत, तो कधी सांगत नाही.
त्यानं टेप परत उलगडली,
शून्य त्या अर्ध्या रेघेवर धरलं
आणि म्हणाला,
"मॅडम, हितनं मोजा."