रिव्हर्सची वायर

आरसा जुन्या बाजारातला.
कुठल्याशा मोठ्या गाडीचा, जी समोरून चेपली
आणि आरसा तेवढा वाचला.
दस्तगीरनं तो फडक्यानं पुसला, उलटा केला, म्हणाला,
"याला दोन डोळे हायेत बगा.
एक पुढं बघतो, रात्र झाली का ते.
एक मागं, कोण तोंडावर उजेड मारतंय ते.
दोघांचं जमलं की काच काळी पडती."
मग स्वतःच हसला: "गाडीला डोळे आले म्हणायचं."

विजापूर वेशीजवळ, एप्रिलची दुपार.
दुकान म्हणजे लिंबाची सावली आणि एक लोखंडी पेटी.
जुना आरसा निघता निघेना.
त्याच्या पोटाखालची ती जिभली
अकरा वर्षं माझ्या बोटानं झिजलेली,
दर गुरुवारी, लातूरहून परतताना,
मागच्यानं डिपर मारला की
टक्.
मागच्या सीटवर नाना, मांडीवर टॉवेलच्या ऑर्डरींची वही.

नव्या गोंदाच्या पाकिटावर लिहिलेलं: चोवीस तास थांबा.
दस्तगीरनं आभाळाकडे पाहिलं.
"हे लिवणारा सोलापुरात आलेला नसणार."
आम्ही एकेक चहा घेतला. गोंद धरला होता.

लाल वायर फ्यूजला, चावी फिरली तरच जीव येईल अशी.
काळी बॉडीला.
आई परकरात नाडी ओवायची तशी
छताच्या कापडाखालून ती तो सरकवत नेत होता
आणि मध्येच म्हणाला, "पांढरी राहिली.
रिव्हर्सच्या दिव्यापर्यंत न्यावी लागती. दोनशे जास्त."
मी म्हटलं, राहू द्या की.

"पुढं जाताना मागचं थोडं कमी दिसलं तर चालतंय ओ.
मागं जाताना सगळं दिसाया पायजे."

यात काही तत्त्वज्ञान नव्हतं.
गेल्या महिन्यात त्याच्याच गल्लीत
एका पोराची सायकल चाकाखाली आली होती, रिकामी, नशीब.
मी दोनशे काढले.

पुढच्या डोळ्यावर काळी टेप, मागच्यावर मोबाईलची बॅटरी.
आधी काहीच नाही.
मग कडेकडून काच निळी होत गेली, निळ्याची हिरवट काळी.
नाना वाकून बघत होते.
चाळीस वर्षं रंगाच्या हौदावर काढलेली,
आता एका डोळ्यात मोतीबिंदू.
"अजून दोन बुड्या पाहिजेत," म्हणाले.

गुरुवारी तुळजापूरच्या घाटात
मागं टेम्पो लागला, कपाळावर एलईडीची पट्टी.
माझं बोट वर गेलं. जिभली नव्हती.
आरसा आपला आपण विझला,
उजेड विहिरीच्या तळाला जाऊन बसला.
आणि नानाही.
अकरा वर्षं त्या झोतात
त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल पेटलेल्या दिसायच्या,
ते मला माहीत होतं हेच मला माहीत नव्हतं.
"झोपलात का?"
काही नाही.
वळण गेलं, दुसरं गेलं.
वहीचं पान उलटल्याचा आवाज आला
तेव्हा मी गिअर बदलला.

दाजी पेठेत पोचलो तर यंत्रमाग चालू,
आमच्या बोळाच्या तोंडावर कारखान्याचा हॅलोजन,
आरसा शाईच्या दौतीसारखा.
नाना उतरले. खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.
मी रिव्हर्स टाकला.

काच उघडली.
हॅलोजन सरळ डोळ्यात गेला, पाणी आलं,
आणि त्या पाण्यात, उजेडासकट, नाना:
चष्मा, मिशी, धोतराचा सोगा, पायाशी नाली,
टॉवेल हलतोय, पेटलेले कान,
"रा… रा… रा…"

मग डिकीवर दोन थापा.
"आगु."