मंडपाचं भाडं

वही सोनूची, सातवीची, विज्ञानाची.
मागची पंधरा पानं कोरी निघाली,
त्यांत मी धरण्याचा जमाखर्च लिहिते.

पहिला दिवस. जमा:
रमकूबाई, दहा.
ठगीबाई, पाच. आणखी पाच उद्या देते म्हणाली.
आक्काबाई मालचे, ज्वारीचं पीठ, अंदाजे शेरभर.
बसस्टँडचा ताहेर चहावाला, वीस,
नाव लिहू नका म्हणाला.
लिहिलं. वहीपुढं माझं काही चालत नाही.

खर्च: पुठ्ठे, शाई, सुतळी.
घसे बसले त्याचा रकाना नाही.

नंदुरबारच्या बाहेर पथारीवर मिरची पसरते,
रस्त्यावरचे लोक गाडी थांबवून फोटो काढतात.
देठ आम्ही खुडतो.
त्या हातांनी रात्री
लेकराचे डोळे पुसता येत नाहीत.

मागण्या तीनच होत्या.
किलोमागे दर.
काटा आमच्या डोळ्यांसमोर.
आणि हात धुवायला पाणी,
आतून कडी लागेल असा संडास.

चौथ्या दिवशी सकाळी आलो तर मंडप उभा.
निळं कापड, झालर, चाळीस खुर्च्या,
पाण्याचे जार, एक कुलर.
कुणी सांगितला होता? कुणीच नाही.
निंबा आप्पा हात जोडून म्हणाले,
बहिणी उन्हात बसतात, बघवत नाही.
बसलो. मीही बसले.
कुलरपुढं दोन दुपारी झोपले,
ते पुढं लिहिलंय.

पाचव्या दिवशी मंडपाच्या मागच्या बाजूला
एक चेहरा लागला, हसरा, दोन बाय तीन फूट.
संध्याकाळपर्यंत तो पुढच्या बाजूला आला.

सहाव्या दिवशी आप्पा म्हणाले,
मुंबईत थेट आतपर्यंत माणूस आहे आपला,
फक्त घोषणा जरा मऊ करा.
अर्ज नेला, टाईप करून आणला,
कागद जाड, अक्षरं सुरेख.
तिसरी मागणी?
ती पुढच्या टप्प्यात, ताई.
मोठ्या साहेबांसमोर संडासाचा विषय कसा काढायचा?

रात्री वही घेऊन बसले.
मंडप जमेत मांडू की खर्चात?
जमा, तर कुणाच्या नावे?
मंडपवाल्याचा पोरगा गड्डीवर बसून भजी खात होता.
विचारलं, भाडं किती रे?
अठराशे रोज, कुलरचे वेगळे.
दिले का कुणी?
दिले ना, काकू. इलेक्शनपर्यंतचे दिलेत.

सकाळी सांगितलं सगळ्यांना.
कुलर घरघरत होता म्हणून दोनदा सांगावं लागलं.
रमकूबाईला अक्षर येत नाही.
तिनं वर झालरीकडं पाहिलं,
"हाऊ मांडव कोना शे?"
आम्ही गप्प.
"मंग आपन कोना?"

ती उठली, लुगड्याची धूळ झटकली,
वीस पावलं चालून उन्हात जाऊन बसली.
कापड फाडलं नाही, खुर्ची लाथाडली नाही.
तिच्यामागं एकेक.
बासष्टमधल्या त्रेचाळीस.
एकोणीस खुर्च्यांवर राहिल्या.
त्यांची नावं मला पाठ आहेत,
वहीत नाहीत. एकीला आठवा महिना आहे.

दुपारी तहसीलदार आले, सरळ मंडपात शिरले,
माईक शोधला,
मग इकडं वळून डोळ्यांवर हात धरून पाहिलं,
इतकं ऊन होतं आमच्या बाजूला.
परत गाडीत बसले.

सातवा दिवस. जमा:
ताहेर, वीस. नाव लिहा म्हणाला या खेपेला.
आक्काबाई, पीठ, कमी.
माझ्या नावे: कुलरची हवा, दोन दुपारी,
भाव माहीत नाही.

दिवेलागणीला ठगीबाई मंडपातून उठून आली.
पदराची गाठ सोडली.
राहिले होते ना, म्हणाली,
पाचाचं नाणं माझ्या हातावर ठेवलं,
दोनदा शिंकली
आणि परत खुर्चीत जाऊन बसली.