काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत

बस तहसीन, पंखा त्या बाजूला वळव, कागद उडतात.
दाभोळच्या जेटीवर बत्तीस वर्षं हे दुकान आहे.
समोर फेरीबोट धोपाव्याला जाते, येते,
तिला कुणी कागद विचारत नाही.

आधी नाव.
जन्मदाखल्यात तू तहसीन, निकाहनाम्यात तेहसिन,
आधारवर तहेसीन परकार.
तिकडच्या खिडकीतल्या माणसाला वाटेल
एका मुदस्सरकडे तीन बायका निघाल्यात.
हसू नकोस. वेळासच्या एका पोरीचं दीड वर्ष
एका वेलांटीत गेलं.

दहावीचा दाखला आण.
नापास असलीस तरी सांग, लाजू नकोस,
त्याचा शिक्का वेगळा, वाट वेगळी, एवढंच.
निकाहनामा मुंबईला जाईल, तिथून दिल्लीला,
आणि पाठीवर शिक्के घेऊन परत येईल.
मूळ कागद एजंटच्या हातात द्यायचा नाही,
तो तुझ्या मामाचा जावई असला तरी.
‘आधी व्हिजिटवर जा, मग बघू’ म्हणणाऱ्याकडे
चहासुद्धा घेऊ नकोस.

फाईल सुकटीच्या डब्याजवळ ठेवू नकोस.
अधिकाऱ्याने नाक धरलेलं
मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तिकडे गेल्यावर:
इथे सहा महिन्यांवर राहिलीस की तिकडचा इकामा मरतो.
सासूचा गुडघा, भावाचं लग्न, आंबे, सगळं त्यात बसव.
आणि महिने चंद्राचे मोजू नकोस,
भिंतीवरच्या कॅलेंडरचे मोज.
तिथे बाळ झालं तर ते तिथलं होत नाही.
ज्या मातीत नाळ पुरली ती माती आपली,
हे आपलं म्हणणं. त्यांचं नाही.
वर्षाच्या आत वकिलातीत नोंद कर,
नाहीतर ते पोर कुठलंच नाही,
भरती-ओहोटीच्या मधल्या रेतीसारखं.

कसला पासपोर्ट? तो? तो राहू दे.
कोपरा कापलेला आहे म्हणून काय झालं,
फोटो आमच्या वैजूचाच.
टोरांटोत नागरिक झाली ती.
नवा घेतला की जुना परत करावा लागतो,
ते भोक पाडून, शिक्का मारून पाठवतात.
शेवटच्या पानावर पत्ता अजून आहे:
खातू आळी, दाभोळ, तालुका दापोली.
मीच भरला होता तो फॉर्म.

आता तिने माझा पाठवलाय.
नातीच्या वाढदिवसाला या, म्हणते.
सगळे रकाने भरले, एक राहिलाय:
परत मायदेशी येण्याची कारणे.
लोकांचा हा रकाना मी झोपेतही भरतो.
सातबारा जोड, बँकेचं पुस्तक जोड,
म्हातारी आई असेल तर तिचा दाखला जोड.
माझ्याकडे बेचाळीस पोफळी आहेत, त्यातल्या सात वाकलेल्या.
एक झेरॉक्स मशीन, ते तापलं की कागद खातं.
आई नाही. बायकोचा दाखला आहे,
पण तो जन्माचा नाही.
दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.
आणि खाडाखोड चालत नाही, हे मीच लोकांना सांगतो.

तुझे फोटो बघू. पांढरी पाठ, कान दिसतायत, ठीक.
दात दिसतायत ते मात्र चालायचं नाही.
तिकडे पोचल्यावर हस.
सही इथे. चौकटीबाहेर जाऊ देऊ नकोस.
आता चौदा प्रती, दोन रुपयांप्रमाणे अठ्ठावीस.

तीस दिलेस. सुटे नाहीत ग माझ्याकडे,
आणि बोटीचा भोंगा झाला, पळ.

तुझे दोन रुपये राहिले.
थांब, लिहून ठेवतो.